सुजाताताईच्या लाल दीर्घिका

ताई,

वसंतमामा परवा म्हणाला की तू तारा झालीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, विहारात, माईक हातात घेऊन म्हणाला. वंदना झाली होती, भन्तेजी बोलून बसले होते आणि मामाला एकदम भरून आलं. "आमची सुजाता जन्मभर ताऱ्यांचा अभ्यास करत राहिली आणि शेवटी स्वतःच तारा झाली." पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी तुझ्या फोटोशेजारी बसले होते. तू असतीस तर मामाला वाईट वाटू नये म्हणून तिथे गप्प बसली असतीस आणि घरी आल्यावर मला म्हणाली असतीस, "तारा म्हणजे पेटलेला गॅस असतो गं. मी कशी होईन?"

मामाचा राग नाही आला. त्याने तुला खांद्यावर बसवून शाळेत सोडलंय, त्याला काहीही बोलायचा हक्क आहे. मला रडू आलं ते दुसऱ्याच गोष्टीने. विहारभर माणसं होती, तुझ्या कॉलेजातली, आपल्या पंतनगरच्या कॉलनीतली, आईच्या माहेरची, आणि त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं की तू ताऱ्यांचा अभ्यास करत नव्हतीस. तू धुळीचा अभ्यास करत होतीस. उभं राहून सांगावं असं मला वाटलं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, शेवटी काय झालं तेही, आणि मी बसूनच राहिले.

म्हणून हे लिहितेय. वाचायला तू नाहीस हे मला कळतं.

तू पहिल्यांदा मला तुझं काम समजावून सांगितलंस ते गच्चीवर. थंडीचे दिवस होते, संध्याकाळी आपण वाळलेले कपडे काढायला वर गेलो होतो. असल्फ्याच्या डोंगरावर सूर्य टेकायला आला होता आणि हवेत सगळा धुरळा. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं इतका तो मंद आणि लालभडक. तू आईची साडी घडी करता करता म्हणालीस, "सूर्य दुपारी होता तोच आहे. आता त्याचा प्रकाश जास्त हवेतून, जास्त धुळीतून येतोय. निळा प्रकाश वाटेत अडतो, लाल तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. बास, हेच माझं काम. फक्त खूप लांब."

किती लांब ते तू सांगितलंस, पण ते मला कधीच धरता आलं नाही. आपली ती आकाशगंगा, आणि तशा बाकीच्या सगळ्या त्या दीर्घिका, हे तू इतक्या वेळा बजावलंस की आईसुद्धा दीर्घिका म्हणायला लागली. तुझ्या दीर्घिका अगदी टोकाच्या. त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती. त्या बारीक, अंधूक आणि लाल दिसायच्या. आणि लाल दिसायची कारणं दोन असू शकतात, हे तू मला साडीची दोन टोकं दोन हातांत धरून सांगितलंस. एक तर मधे धूळ आहे. आत नवीन तारे धडाधड जन्मतायत, ते नवे तारे निळे असतात, पण त्यांचा निळा प्रकाश त्यांच्याच भोवतीची धूळ खाऊन टाकते. किंवा मग धूळबीळ काही नाही. तिथले तारेच म्हातारे झालेत. म्हातारे तारे लालच असतात. नवीन जन्मायचं केव्हाच थांबलंय.

"लांबून दोन्ही सारखंच दिसतं," तू म्हणालीस. "सगळी भानगड तिथे आहे."

"मग ओळखायचं कसं?"

"धूळ प्रकाश खाते, पण तिला तो पचत नाही. ती तापते. आणि ती ऊब बाहेर टाकते. ती डोळ्यांना दिसत नाही, त्याला वेगळ्या दुर्बिणी लागतात. ऊब सापडली तर धूळ आहे, आणि आत तारे जन्मतायत."

"आणि नाही सापडली तर?"

"सापडेल," तू म्हणालीस आणि चिमट्यांचा डबा माझ्या हातात दिलास.

तुझ्या या खात्रीवर मी वाढले. तू माझ्यापेक्षा फार मोठी नव्हतीस, पण घरात खात्री असलेलं माणूस तू एकटीच होतीस. बाबा घाबरट होते, आई सगळ्यांची चिंता करायची आणि मी तिच्यावर गेले. तू बारावीनंतर सांगितलंस की डॉक्टर व्हायचं नाही, इंजिनीअर तर नाहीच, तेव्हा नातेवाइकांनी बाबांना वेड्यात काढलं. आपल्या समाजातली पोर एवढे मार्क घेऊन आकाश काय बघत बसणार, असं. बाबा रात्रंदिवस घाबरले आणि त्यांनी तुला हवं ते करू दिलं. तू पुण्याला गेलीस, तिथून हॉलंडला. घरात तुझ्या पदवीदानाचा फोटो लागला.

मी बोरिवलीचं सासर सोडून दोन बॅगा घेऊन घाटकोपरला परत आले, तेव्हा तू हॉलंडमध्ये होतीस. सुट्टी काढून आलीस. दारात पाय टाकलास आणि मला विचारलंस, "जेवलीस का?" त्यानंतर तू मला काहीही विचारलं नाहीस. काय झालं, कोणाचं चुकलं, आता पुढे काय, हे सगळे मला रोज विचारत होते. तू माझ्याबरोबर भाजी निवडलीस. अंधेरीतल्या त्या स्टुडिओला मराठी डबिंगसाठी संवाद लिहिणारं कोणी हवंय हे तूच कुठूनतरी शोधलंस आणि तूच मला तिथे घेऊन गेलीस. मी आत चाचणी देत होते तेव्हा तू बाहेर चहाच्या टपरीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होतीस. मी बाहेर येऊन म्हटलं, झालं काम. तू मान वर न करता म्हणालीस, "झकास. एक मिनिट हं, हा आलेख संपवते."

मी आजही तिथेच नोकरी करते. तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. बहिणी एकमेकींना काय म्हणणार.

बाबा गेले आणि तू कायमची परत आलीस. आई एकटी पडेल म्हणून, असं तू सगळ्यांना सांगितलंस. पण आईजवळ मी होते. तू माझ्यासाठीही आली होतीस का, हे मला नेहमी विचारायचं होतं. उत्तर हो आलं तर मला ते पेलणार नव्हतं. तिकडे तुला पक्की नोकरी मिळत होती, हे मला तुझा सहकारी मार्टिन याने आता, तू गेल्यावर, फोनवर सांगितलं. इथे तू पार्ल्याच्या कॉलेजात दरवर्षी नव्याने नेमणूक होणारी मास्तरीण होतीस. पहिल्या वर्षाच्या पोरांना भिंगं आणि आरसे शिकवायचीस आणि घरी येऊन आतल्या खोलीत मार्टिनबरोबर व्हिडिओ कॉलवर धुळीबद्दल भांडायचीस. आई त्याला मारुती म्हणायची आणि मग स्वतःच हसायची, की बघा, बौद्ध असून मी कोणाचं नाव घेते.

त्या दीर्घिकांवरचा तुझा मोठा पेपर याच घरातून गेला. धुळीचा हिशोब सगळे एकाच साच्याने करतात आणि तिथेच चुकतात, असं तुझं म्हणणं होतं. धूळ पडद्यासारखी समोर नसते, ताऱ्यांमध्ये कालवलेली असते, असं तू सांगायचीस. तुझ्या हिशोबाने त्या अंधूक, लाल दीर्घिका आतून धगधगत होत्या. मोठमोठ्या लोकांना ते पटलं नाही. काहींना पटलं. तुला परदेशातून भाषणांची बोलावणी यायला लागली. कॉलेजने नेमणूक मात्र वर्षाचीच ठेवली.

त्याच सुमारास पार्ल्यातच एका सभागृहात तुझं मराठीतून व्याख्यान ठरलं आणि आपलं भांडण झालं ते शब्दावरून. तुला धूळ हा शब्दच नको होता.

"तिथले कण उदबत्तीच्या धुरातल्या कणांएवढे असतात. धूळ म्हटलं की लोकांना रस्त्यावरची माती दिसते. धूर म्हणू या. नाहीतर काजळी."

"वैश्विक काजळी? ताई, ऐकायला कसं वाटेल?"

"ऐकायला बरं वाटतं म्हणून चुकीचं बोलायचं?"

"मराठीत शब्द रुळलेला आहे यार. आता तू एकटी बदलणार का?"

ते भांडण मिटलं नाही. तू व्याख्यानात दोन्ही शब्द वापरलेस आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसलीस. आणि मी भाषणाच्या शेवटी तुझ्यासाठी लिहिलेलं वाक्य तू खोडून टाकलंस. माणसाच्या मनावरही अशी धूळ साचते, असं काहीतरी होतं. "उपमा देऊ नकोस," तू म्हणालीस. "धूळ ही धूळच असू दे. ती पुरेशी आहे." मी इथे जपून लिहितेय ते त्यामुळे.

मग तुझं पोट दुखायला लागलं. तू ॲसिडिटी म्हणालीस, आई मसालेदार खाणं बंद कर म्हणाली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डोळे पिवळे झाले तेव्हा स्कॅन केला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, आणि तोवर यकृतात पोचलेला. तू रिपोर्ट दोनदा वाचलास, मला शब्दांचे अर्थ सांगितलेस, आणि म्हणालीस, "चांगली वाट लागलीय." नंतर केमो सुरू झाली. केमोला जाताना तू पिशवीत कामाचे पेपर घेऊन जायचीस. मला त्याची चीड यायची. मी म्हणायचे, जरा पडून राहा, गाणी ऐक. तू म्हणायचीस, "पडून राहिले की मला फक्त मीच दिसते."

ऊब मोजणारी ती दुर्बीण, उंच कोरड्या वाळवंटातली, तिच्यावर तुमचा वेळ मंजूर झाला होता. तुझ्या लाल दीर्घिकांकडेच ती वळवायची होती. मला वाटतं, त्या महिन्यांत तू त्यावरच तगून होतीस. मीसुद्धा. मला धुळीतलं काही कळत नव्हतं, पण तुझं म्हणणं खरं ठरावं असं मला इतकं वाटत होतं की मी ऑफिसात बसल्या बसल्या मनात म्हणायचे, सापडू दे, ऊब सापडू दे.

आकडे आले तेव्हा दुपार होती. शेजारच्या बिल्डिंगचं पाडकाम चालू होतं, खिडक्या लावून घेतल्या होत्या. आई मटकी निवडत होती. तू जमिनीवर गादीवर, पाठीला उशी, मांडीवर लॅपटॉप. मी घरून काम करत होते. तुझ्या कीबोर्डचा आवाज थांबला म्हणून मी बघितलं. तू एकाच जागी बघत होतीस.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाहीये. ऊब नाहीये. एकीतही नाही." तू लॅपटॉप माझ्याकडे वळवलास. पडद्यावर करडी ठिपक्यांची जाळी होती. मला त्यात काही दिसलं नाही, आणि दिसण्यासारखं खरंच काही नव्हतं. "धूळ नाहीये तिथे, प्रज्ञा. त्या विझलेल्याच होत्या. मी जन्म म्हणत होते, आणि तिथे सगळं आधीच थांबलेलं होतं."

"परत मोजता येईल ना?"

"नीट मोजलंय."

आईने मटकीचं ताट खाली ठेवलं. तिला आपलं बोलणं अर्धवट कळत होतं. तू तिला सरळ सांगितलंस, "आई, माझं चुकलं गं. इतकी वर्षं जे म्हणत होते ते चूक निघालं."

आई म्हणाली, "चुकलं तर चुकलं. आता दुसरं कर."

तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. तिने आयुष्यभर हेच केलं होतं. डॉक्टरांनी तुला किती महिने दिलेत ते तिला आपण तोवर सांगितलं नव्हतं. तू "हो" म्हणालीस आणि तिने परत मटकी हातात घेतली.

त्या रात्री तू शांत झोपलीस, मी जागी राहिले. मला वाटलं, ही उद्या कोसळेल. सकाळी चहा देताना बघते तर तुझे डोळे चमकत होते. चमकत होते हे खरं आहे, ताई, मी वाढवून सांगत नाहीये. तू म्हणालीस, "अगं, पण इतक्या लवकर का विझल्या असतील? सगळं विश्वच तेव्हा लहान होतं. तारे जन्मायचा तोच तर काळ. सगळीकडे जन्मतायत, आणि यांचं थांबलंय. गॅस संपला? कुणी उडवून लावला? प्रज्ञा, हा जास्त चांगला प्रश्न आहे. माझ्या प्रश्नापेक्षा हा चांगला आहे."

आणि मग तुझा आवाज तुटला. कप हातातून निसटेल म्हणून मी तो काढून घेतला. स्कॅनच्या दिवशी तू रडली नव्हतीस. केस गेले तेव्हा नाही, आकडे आले तेव्हाही नाही. तू रडलीस ते चांगला प्रश्न सापडला म्हणून. "मला यात दोन-तीन वर्षं लागली असती," तू म्हणालीस, आणि "असती" म्हणताना तुझं तोंड वेडंवाकडं झालं. मी तुला धरून बसले. तुझी पाठ किती बारीक झाली होती. लोक मला सांगतात की ती समाधानाने गेली. मी त्यांना काय सांगू? तुला जायचं नव्हतं. तुला काम होतं.

मार्टिनचा फोन आला. माणूस भला आहे. तो म्हणाला, घाई नको, तू बरी हो, आकडे कुठे पळून जात नाहीत. त्याला म्हणायचं होतं की तू गेल्यावर तो हळूच सगळं नीट करेल आणि तोवर तुझा मोठा पेपर तुझ्या नावावर उभा राहील. तुला ते कळलं. तू म्हणालीस, "मी आहे तोवर माझ्या हाताने मागे घेते. लोक त्या आकड्यांवर पुढचं काम करतायत."

हाताने म्हणालीस, पण बोटांची टोकं केमोने बधिर झाली होती. म्हणून पेपर मागे घेणारी दुरुस्ती तू सांगत गेलीस आणि मी टाइप करत गेले. मी रोज पडद्यावरच्या माणसांच्या तोंडात मराठी वाक्यं बसवते, ओठ हलतील तसे शब्द मोजून. तुझी इंग्रजी वाक्यं मला अर्धी कळत होती. पाडकामाचा ड्रिल सुरू झाला की तू थांबायचीस, बंद झाला की परत सुरू. एके ठिकाणी मी म्हटलं, "इथे 'कदाचित' घालू? जरा सौम्य होईल."

"नको. कदाचित काही नाहीये त्यात."

दुसरी केमोही लागू पडली नाही. मी अंधेरीतल्या आणखी एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. तू नको म्हणत होतीस, मी नेलंच. पूर्ण दुपार बाकड्यावर गेली. डॉक्टर तेच बोलले. येताना रिक्षात, लिंक रोडवर गाड्या तुंबल्या होत्या, मी म्हटलं परळला अजून एकांना दाखवू.

"तेही हाच फोटो बघणार."

"तुला जगायचंच नाहीये."

"मला जगायचंय," तू म्हणालीस. "म्हणून तर तू माझा वेळ असा बाकड्यांवर घालवू नकोस."

"नुसत्या एका फोटोवरून सगळे म्हणतायत संपलं. तूच म्हणायचीस ना, लांबून कळत नाही म्हणून? आत काय आहे ते दिसत नाही म्हणून?"

तू माझ्याकडे बघितलंस. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. तुला उपमा आवडत नाही हे मला माहीत होतं, पण माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"हो," तू म्हणालीस. "म्हणायचे. म्हणून मोजलं. आणि मोजल्यावर ऐकायचं असतं, प्रज्ञा."

मी ऐकलं नाही. घरी आल्यावर मी परळला फोन लावला. तू भिंतीकडे तोंड करून पडलीस. आपलं ते भांडण तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तुला ताप आला आणि आपण दवाखान्यात गेलो, ते तू परत आलीच नाहीस. त्या दिवसांत तू मला पाणी मागितलंस, पंखा कमी कर म्हणालीस, आईला घरी पाठव म्हणालीस. मी विचार करत राहिले की आता म्हणेन, ताई, तुझं बरोबर होतं. म्हटलं नाही, कारण ते म्हणणं म्हणजे तुला जा म्हणणं. मॉर्फिन वाढवल्यावर तू झोपूनच राहिलीस. तुझा श्वास थांबला तेव्हा आई तुझे पाय चोळत होती आणि बराच वेळ चोळत राहिली. मीच शेवटी तिचे हात धरले.

ताई, हे घर आता फार स्वच्छ झालंय. तुझे कागद कुठे पडलेले नसतात. आतल्या खोलीतून भांडण ऐकू येत नाही. सकाळी उठल्यावर मला आधी आठवतं की तू नाहीस, मग माझं स्वतःचं नाव आठवतं. लोकांना वाटतं वेळ जाईल तसं कमी होईल. तू असतीस तर विचारलं असतंस, कशावरून, कोणी मोजलंय? मला तेच विचारावंसं वाटतं. मला पुढे काहीच दिसत नाही. ऑफिसात मी दुसऱ्यांची हसरी वाक्यं लिहिते, संध्याकाळी येते, आईसमोर बसते. आम्ही दोघी एकमेकींना जेवायला लावतो.

तुझी ती दुरुस्ती मागच्या आठवड्यात छापून आली. मार्टिनने पाठवली. तू सांगितलंस तशीच आहे, शब्दही बदललेला नाही. खाली बारीक अक्षरात तू गेल्याची नोंद आहे. म्हणजे जगात तुझ्या नावावर शेवटचं जे लिहिलं गेलं ते हे, की तू चुकली होतीस. मी ते कितीदा वाचलं. अभिमान वाटायला हवा असं मार्टिन म्हणाला. वाटतोही. पण त्या अभिमानाला धरून रडता येत नाही. त्यापेक्षा तू खोटी आणि जिवंत असतीस तरी मला चाललं असतं. हे वाचून तू भडकली असतीस. भडक.

आई म्हणाली, तिचं काय आलंय ते मला मराठीत वाचून दाखव. मी तिच्याजवळ बसले आणि जमेल तसं सांगत गेले. आधी आम्ही म्हटलं होतं की या दीर्घिकांमध्ये धुळीच्या आड पुष्कळ तारे जन्मतायत. नव्या मोजणीत तिथे ऊब सापडली नाही. तिथे तारे जन्मत नाहीत. आधीचं म्हणणं आम्ही मागे घेतो. एवढंच. आईने पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तिथं जिवंत असं काय नव्हतंच?"

"नव्हतं."

"आधीपासूनच?"

"आधीपासूनच. आपल्याला दिसायच्या कितीतरी आधी."

तिने पदराने चष्म्याची काडी पुसली. मग म्हणाली, "मग माझी पोर एवढी वर्षं कुणाकडं बघत बसली होती गं?"

मी लॅपटॉप मिटला. आई अजून उत्तरासाठी थांबलीय, ताई, ती मधूनच माझ्याकडे बघते.